अकरा वेळा केलेला वेडेपणा

राजकारणात शहाणं कोणाला म्हणायचं, याबद्दल महाराष्ट्रात आता फारसं दुमत उरलेलं नाही. वारं कुठून वाहतंय हे ज्याला निकालाआधी कळतं तो शहाणा. बुडत्या पक्षातून जो वेळेवर उतरतो तो शहाणा. दुसऱ्या टर्मला जो मंत्री होतो, तिसऱ्या टर्मला घरच्या नावाची संस्था काढतो आणि चौथ्या टर्मला गाड्यांचा ताफा घेऊन फिरतो, तो तर पुरता शहाणा. हे माप हातात घेऊन सांगोल्याचे आमदार भाई गणपतराव देशमुख यांच्याकडे पाहिलं, तर त्यांना वेडं ठरवण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

त्या वेडेपणाची ही स्तुती आहे. ती सांगोल्यापासून राज्याच्या अगदी दुसऱ्या टोकाला, देवरीत बसून लिहितो आहे. आमच्या गावापुढे शिरपूरचा तपासणी नाका लागतो आणि त्याच्या पलीकडे छत्तीसगड सुरू होतं. आबासाहेबांचं, म्हणजे गणपतरावांचं, आमच्याकडे काही काम नव्हतं, आमचं त्यांच्याकडे नव्हतं. तरीही ज्या गोष्टीची आम्हाला सगळ्यात जास्त गरज आहे ती त्या माणसापाशी होती, म्हणून हे लिहिणं.

आधी हकिकत. गणपतराव १९६२ मध्ये सांगोल्यातून पहिल्यांदा विधानसभेवर गेले. १९६७ ला पुन्हा गेले. १९७२ ला पडले, १९७४ च्या पोटनिवडणुकीत परत आले. मग १९७८, १९८०, १९८५, १९९०. पंचाण्णव साली शहाजीबापू पाटलांनी त्यांना अवघ्या १९२ मतांनी पाडलं. १९९९ ला ते पुन्हा निवडून आले आणि २००४, २००९, २०१४ अशा पुढच्या तिन्ही निवडणुका जिंकले. एकूण अकरा वेळा, एकच मतदारसंघ, एकच पक्ष. शेवटची निवडणूक त्यांनी नव्वदीच्या उंबरठ्यावर लढवली आणि सुमारे २५ हजार मतांनी जिंकली. २०१९ ला ते थांबले. ३० जुलै २०२१ रोजी सोलापुरात, वयाच्या ९४ व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

पक्षाची गोष्ट जरा नीट पाहण्यासारखी आहे. त्यांचा शेतकरी कामगार पक्ष, म्हणजे शेकाप, १९४७ मध्ये उभा राहिला तो शंकरराव मोरे आणि केशवराव जेधे यांच्या पुढाकारानं. पुढच्या सात-आठ वर्षांत हे दोघेही काँग्रेसमध्ये परतले. संयुक्त महाराष्ट्र झाल्यावर यशवंतराव चव्हाणांनी बेरजेचं राजकारण मांडलं आणि शेकापची उरलीसुरली तालेवार घराणी एकेक करून त्या बेरजेत गेली. म्हणजे गणपतराव पहिल्यांदा निवडून आले, तेव्हा ज्यांनी पक्ष काढला तेच त्यातून निघून गेलेले होते. शहाण्या माणसाला यापेक्षा स्पष्ट खूण काय लागते? पण हे वकील गृहस्थ त्याच पक्षात राहिले आणि तो पक्ष डोळ्यांदेखत आटत असताना राहिले. २०१४ च्या विधानसभेत २८८ पैकी शेकापचे तीन आमदार होते, त्यांतले एक हे.

माझ्या लेखी त्यांचं पहिलं मोठेपण इथे आहे. पक्षनिष्ठा हा शब्द आपण हल्ली शोकसभेत वापरतो, त्यामुळे तो मऊ झाला आहे. मुळात तो कडक शब्द आहे. पन्नासहून अधिक वर्षं बहुतांश काळ विरोधी बाकावर बसायचं, याचा अर्थ निधीच्या वाटपात शेवटचं नाव, बदल्यांच्या यादीत शब्द नाही, मंत्र्याच्या दालनात चिठ्ठी पाठवून वाट पाहणं. मतदारसंघात रोज कोणीतरी येऊन सांगणार, की आबासाहेब, त्या बाजूला गेलात तर आपला रस्ता एका महिन्यात होईल. ते खोटंही नसतं. ते ऐकून घेऊन पुन्हा आपल्याच बाकावर जाऊन बसायला ज्या प्रकारचं मन लागतं, त्याला बाजारात वेड म्हणतात. मी त्याला तेच नाव देतो आणि हात जोडतो.

सत्ता त्यांना शिवलीच नाही असंही नाही. १९७७-७८ मध्ये ते विधानसभेत विरोधी पक्षनेते होते. १९७८ च्या पुरोगामी लोकशाही दलाच्या (पुलोद) सरकारात ते मंत्री झाले. १९९९ ला विलासराव देशमुखांच्या आघाडी सरकारातही होते आणि २००२ मध्ये शेकापनं त्या सरकारचा पाठिंबा काढला तेव्हा पक्षाबरोबरच राहिले. मंत्रिपद आलं तसं गेलं. त्यानंतरही सांगोला-मुंबई हा प्रवास एसटीनं करणारा आमदार म्हणूनच लोक त्यांना ओळखत राहिले. राज्यातल्या एसटी गाड्यांत आमदारांसाठी जागा राखीव लिहिलेली असते. त्या जागेवर खरोखरचा आमदार बसलेला पाहायला मिळणं हे आमच्या पिढीला दुर्मीळ झालं आहे. गणपतराव बसत. त्यांना वेगळं दिसायचं होतं म्हणून ते असं करत होते असं मला वाटत नाही. दुसरी सोय करावी असं त्यांना कधी तीव्रतेनं वाटलंच नसावं.

आणि सभागृह. कामकाज सुरू होताना आत जाणं आणि तहकूब होईपर्यंत बसणं, ही त्यांची ओळख होती. विधेयक वाचून येणं, तारांकित प्रश्नाच्या उत्तरावर उपप्रश्न विचारणं, अर्थसंकल्पावर कपात सूचना देणं, लक्षवेधीला मंत्री काय बोलले ते पुढच्या अधिवेशनात त्यांना आठवून देणं. ही कामं टीव्हीवर दिसत नाहीत. त्यासाठी हार घालायला कोणी येत नाही. पण आमदार नावाची नोकरी मुळात हीच आहे. गटाराच्या उद्घाटनाला नारळ फोडण्यासाठी राज्यघटनेनं विधानसभा निर्माण केलेली नाही.

आता पाण्याकडे येतो, कारण माझ्या म्हणण्याचा सगळा जीव तिथे आहे.

सांगोला माणदेशात येतो. सह्याद्रीला अडलेला पाऊस तिथवर पोचत नाही, वर्षाची सरासरी पाचशे मिलीमीटरच्या आतच राहते. आमच्या देवरीत त्याच्या दुपटीहून जास्त पाऊस पडतो. अशा तालुक्याच्या आमदारापुढे कामाच्या दोन वाटा असतात. टँकर मागणं ही एक, नदी मागणं ही दुसरी. टँकर महिन्यात मिळतो, लोक खूश होतात, पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा मागता येतो. नदी मागितली तर आयुष्य जातं.

गणपतरावांनी टँकरही मागितले असतीलच, पण ते नदीच्या मागे लागले. शिरभावी प्रादेशिक योजनेतून ऐंशीहून अधिक गावांना पिण्याचं पाणी गेलं. शेतीच्या पाण्यासाठी नव्वदच्या दशकात क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी यांच्या पुढाकारानं सातारा, सांगली, सोलापूरच्या तेरा दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद आटपाडीत भरू लागली. डॉ. भारत पाटणकर आणि गणपतराव तिचे आधारस्तंभ. मागणी एवढीच की कृष्णेचं पाणी कराडजवळच्या टेंभूहून उचलायचं आणि टप्प्याटप्प्यानं वर चढवत माणदेशात आणायचं. पंपांनी डोंगर चढवून नदी आणायची, तीही अशा भागात जिथे मतदार थोडे आणि साखर कारखाने त्याहून थोडे. त्या काळात या मागणीकडे कोणत्या नजरेनं पाहिलं गेलं असेल याची कल्पना करता येते. पण परिषद दरवर्षी भरत राहिली. सरकारं बदलली, पाटबंधारे मंत्री बदलले, सचिव बदलले. नवा मंत्री आला की फाईल पहिल्या पानापासून उघडली जायची. तेव्हा सभागृहात एक तरी माणूस असा हवा असतो, की जो उठून सांगेल, याआधीच्या आधीचे मंत्री याच प्रश्नावर अमुक बोलले होते, त्याचं काय झालं? हे सांगायला पंचवीस-तीस वर्षांची आठवण लागते. ती कोणत्याही कार्यालयात विकत मिळत नाही. टेंभूचं पाणी सांगोल्याकडे आलं तेव्हा आबासाहेबांची ऐंशी उलटून गेली होती.

सूतगिरणीचंही तसंच. सांगोल्यात कापूस पिकत नाही. तरीही त्यांच्या पुढाकारानं तिथे शेतकरी सहकारी सूतगिरणी उभी राहिली आणि पुढे महिलांची गिरणीही. कापसाच्या मुलखातल्या कितीतरी सहकारी गिरण्या कर्जात बुडून भंगारात गेल्या. त्या काळात ही बिनकापसाची गिरणी चालत होती आणि कामगारांना बोनस देत होती. विदर्भात राहणाऱ्या माणसाला हे वाचून बोचतं. कापूस आमच्याकडचा, कर्जबाजारी गिरण्याही आमच्याकडच्याच. त्यांच्याकडे कापूस नव्हता, हिशेब चोख ठेवणारी माणसं होती.

एक गोष्ट मात्र मोकळेपणानं सांगायला हवी. त्यांच्या थांबण्यानंतर जे घडलं ते मला पूर्णपणे रुचलेलं नाही. २०१९ ला त्यांचे नातू डॉ. अनिकेत देशमुख उभे राहिले आणि ७६८ मतांनी पडले. पंचाण्णवचे तेच शहाजीबापू पाटील जिंकले, आणि जून २०२२ मध्ये शिवसेनेतल्या बंडाच्या वेळी गुवाहाटीतून फोनवरच्या त्यांच्या झाडी-डोंगराच्या संवादामुळे सांगोल्याचं नाव देशभर झालं. २०२४ ला दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख यांनी जागा परत आणली. नातवंडं लायक असतील, लोकांनी निवडलं म्हणजे तो प्रश्न संपतो. पण पन्नास वर्षं एक पक्ष सांभाळणाऱ्या माणसाच्या तालमीत घराबाहेरचा एखादा तरी वारस तयार होऊन पुढे यायला हवा होता, तो आला नाही. वेडाचा वारसा रक्तानं जात नाही, तो शिकवावा लागतो. एवढ्या एका बाबतीत ते इतरांइतकेच शहाणे निघाले, याची मला खंत आहे.

असे वेडे राज्यात आणखीही होऊन गेले. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ च्या सुमारास तासगाव तालुक्यातल्या विसापूर परिसरात एक प्रयोग केला. हाताला काम मागणाऱ्याला काम द्यायचं आणि सरकारनं ते बंधनकारक मानायचं. १९७२ च्या दुष्काळात ती कल्पना राज्यभर गेली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २००५ मध्ये देशानं तो धडा गिरवला. अमरावती पदवीधर मतदारसंघाचे प्रा. बी. टी. देशमुख १९८० पासून तीस वर्षं परिषदेत बसले आणि विदर्भाच्या सिंचन अनुशेषाचे आकडे दर अधिवेशनात मांडत राहिले. हा अनुशेष मोजणाऱ्या दांडेकर समितीचा अहवाल १९८४ चा. तो विसरू द्यायचा नाही हे जणू त्यांनी आपलं कामच मानलं होतं. ब्रिटनमध्ये डेनिस स्किनर नावाचा खाणकामगार १९७० पासून २०१९ पर्यंत बोल्सोव्हरमधून संसदेत होता. बाकावरची आपली ठरलेली जागा त्यानं सोडली नाही आणि मंत्री होण्यात त्याला रस नव्हता. त्याला शेवटी लोकांनीच पाडलं, तेही २०१९ मध्येच. लोकांचा तो हक्क आहे. पण पाडताना आपण काय गमावतो आहोत हे लोकांना ठाऊक असावं, एवढंच माझं म्हणणं.

आता आमच्याकडचं. देवरी, आमगाव, सालेकसा हे तालुके मिळून आमचा आमगाव मतदारसंघ होतो. तो २००९ पासून अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. त्या साली रामरतन राऊत निवडून आले, २०१४ ला संजय पुराम, २०१९ ला सहसराम कोरोटे, २०२४ ला पुन्हा संजय पुराम. चार निवडणुका झाल्या आणि एकाही आमदाराला आम्ही लागोपाठ दुसरी संधी दिली नाही. चहाच्या टपरीवर याचं कौतुक होतं. भाकरी फिरवली म्हणतात. पाच वर्षांनी फिरवली नाही तर करपते म्हणतात.

मला हा आमचा शहाणपणा महाग पडलेला दिसतो. दोष त्या आमदारांवर टाकायचा नाही, पाच वर्षांत कोणीही काय करणार? पहिलं वर्ष सत्कारात जातं, दुसरं मंत्रालयात कोणतं दालन कुठे आहे हे समजण्यात. चौथ्या वर्षी पुढच्या तिकिटाची चिंता लागते. मधल्या काळात धानाचा प्रश्न, वनहक्काचा प्रश्न, चिचगड-ककोडीकडच्या रस्त्यांचा प्रश्न, आश्रमशाळांचा प्रश्न, यांतला एखादा हाती घ्यावा तर आमदारच बदलतो. नवा आमदार नव्यानं निवेदन घेतो. आमच्या प्रश्नांच्या फाईलींना कधी दुसरं पान लागत नाही.

धानाचंच घ्या. दिवाळी सरते, गावोगावी मंडई भरते, दंडार रंगते आणि त्याच दिवसांत धान खळ्यावर येतो. आधारभूत खरेदी केंद्रं कधी उशिरा सुरू होतात, कधी सुरू होऊन बारदाना नाही म्हणून काटा थांबतो. आमच्या भागात आदिवासी विकास महामंडळ खरेदी करतं, त्याच्या गोदामात जागा नसते. शेतकऱ्याला पैशांची निकड असते, तो व्यापाऱ्याला आधारभूत भावाच्या खाली धान देऊन मोकळा होतो. मग डिसेंबरात नागपूरला अधिवेशन भरतं आणि तिथे बोनसची घोषणा होते. २०२२ च्या अधिवेशनात हेक्टरी १५ हजार रुपये जाहीर झाले, २०२३ च्या अधिवेशनात २० हजार. आनंद आहे. पण दरवर्षी हात पसरून वाट पाहायची, घोषणा होईल का, किती होईल, आणि पैसे खात्यात कधी पडतील. जो पैसा दरवर्षी द्यावाच लागतो, त्याला कायद्याचा आधार का नाही? त्याची तारीख, त्याचं सूत्र ठरवून का मिळत नाही? पागेंची रोजगार हमीही कल्पनेपासून कायद्यापर्यंत बारा वर्षं चालली. धानाच्या बोनसला ती बारा वर्षं द्यायला आमच्याकडून कोणी सभागृहात बसलेलाच नाही, कारण आम्ही कोणाला बसू दिलेलं नाही.

देवरीहून नागपूर सुमारे दीडशे किलोमीटर. अधिवेशन काळात एका दिवसात जाऊन येता येतं. विधानभवनाच्या प्रेक्षक गॅलरीत बसून आपला आमदार काय बोलतो हे ऐकायला पास लागतो, तोही मिळतो. आमच्यातले किती जण कधी गेले? मोर्चा घेऊन गेलो आहोत, निवेदन देऊन परत आलो आहोत. निवेदनाचं पुढे काय झालं हे विचारायला परत गेलेलो नाही. गणपतरावांसारखा आमदार सांगोल्यानं घडवला तो त्यांना सतत निवडून देऊन, आणि दोनदा पाडूनही. १९७२ ला पाडलं, १९९५ ला पाडलं. दोन्ही वेळा ते पक्ष न बदलता त्याच मतदारांपुढे उभे राहिले. म्हणजे मतदारांनी धाक सोडला नाही आणि माणसानं जागा सोडली नाही. हे दोन्ही एकत्र असल्याशिवाय असा आमदार तयार होत नाही. आम्ही फक्त धाक शिकलो आहोत.

आमच्या भागात असा वेडा निपजणार नाही, असं मला मुळीच वाटत नाही. सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभा स्वतः तेंदूपत्त्याचा लिलाव करतात, जमाखर्च फळ्यावर लिहितात, वनखात्याच्या पत्राला उत्तर देतात. तिथल्या तिशीतल्या मुला-मुलींना गोंडी येते, छत्तीसगढी येते, झाडीबोली आणि शासकीय मराठीही येते. कलम आणि नियम वाचायची सवय त्यांना लागली आहे. सभागृहात लागतं ते नेमकं हेच. त्यांच्यातल्या एखादीनं किंवा एखाद्यानं एक पक्ष निवडावा, मोठा असो वा लहान, आणि तिथे ठाण मांडावं. पडलं तर पुन्हा उभं राहावं.

पुढची निवडणूक २०२९ ला आहे. तेव्हा देवरी, आमगाव, सालेकशाच्या गावांत जो कोणी मत मागायला येईल, त्याला रस्ता आणि समाजमंदिर मागण्याआधी एक प्रश्न विचारा. धानाचा प्रश्न तुम्ही किंवा तुमच्या पक्षानं विधानसभेत कोणत्या तारखेला मांडला आणि मंत्र्यांनी काय उत्तर दिलं? उत्तर न आल्यास दुसऱ्याला विचारा. ज्याला तारीख तोंडपाठ असेल त्याला मत द्या, आणि २०३४ ला तोच माणूस पुन्हा दारात आला तर भाकरी फिरवायची घाई करू नका.